युनायटेड स्टेट्स विरुद्ध स्टीव्हन्स: बचाव पक्षाने पत्रांवर लढलेला खटला

२९ जुलै २००८ रोजी वॉशिंग्टनच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्यावर सात आरोप ठेवले. वय ८४. सिनेटमध्ये १९६८पासून. आरोप लाचेचा नव्हता. सिनेटरला दरवर्षी आपली मिळकत, कर्जं आणि मिळालेल्या भेटी जाहीर करणारा अर्ज भरावा लागतो. व्हेको ही अलास्कातली तेलक्षेत्राची कंत्राटी कंपनी आणि तिचे प्रमुख बिल अॅलन यांच्याकडून अडीच लाख डॉलरहून जास्त किमतीचं काम आणि सामान मिळालं, पण ते या अर्जांत दाखवलं नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. लावलेलं कलम होतं अमेरिकी फेडरल कायदेसंग्रहाच्या १८व्या टायटलचं १००१, म्हणजे सरकारी कामात खोटं विधान करणं किंवा महत्त्वाची गोष्ट दडवणं. प्रत्येक आरोपाला कमाल पाच वर्षं.

तीन महिन्यांनी ज्युरीने सातही आरोपांत दोषी ठरवलं. त्यानंतर साधारण पाच महिन्यांनी सरकारनेच खटला मागे घ्यायचा अर्ज केला आणि निकाल पुसला गेला. ‘सरकारने पुरावा दडवला आणि ते उघडकीला आलं’ एवढ्यावर ही गोष्ट सहसा संपवली जाते. पण दडवलेलं आपोआप उघडकीला येत नाही. बचाव पक्षाने कोणत्या तारखेला काय मागितलं, काय नाकारलं गेलं आणि नाकारलं तेव्हा नोंदीवर काय राहिलं, हे पाहिल्याशिवाय फेडरल कोर्टातलं बचावाचं काम कळत नाही.

वकील

स्टीव्हन्स यांचं वकीलपत्र ब्रेंडन सुलिव्हन यांच्याकडे होतं. वॉशिंग्टनच्या विल्यम्स अँड कॉनोली या फर्ममधले ते ज्येष्ठ वकील. एडवर्ड बेनेट विल्यम्स आणि पॉल कॉनोली यांनी १९६७मध्ये ही फर्म काढली. ब्रेंडन यांची कारकीर्द तीन टप्प्यांत पाहिली तर स्टीव्हन्स खटल्यातल्या त्यांच्या चाली समजायला सोप्या जातात.

पहिला टप्पा लष्करातला. ऑक्टोबर १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ तळावर एका कैद्याला पहारेकऱ्याने गोळी घातली. त्याच्या निषेधार्थ २७ कैदी जमिनीवर बसून राहिले आणि त्यांच्यावर बंडाचा आरोप ठेवला गेला. पहिल्या काही शिक्षा १४ ते १६ वर्षांच्या होत्या, नंतर त्या खूप खाली आल्या. या कैद्यांचा बचाव करणाऱ्यांत तरुण कॅप्टन सुलिव्हन होते.

दुसरा टप्पा इराण-काँट्रा प्रकरणाचा, म्हणजे इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवल्याच्या प्रकरणाचा. १९८७च्या जुलैत काँग्रेसच्या समितीपुढे त्यातले लष्करी अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांची जबानी चालू असताना ब्रेंडन सारखी हरकत घेत होते. साक्षीदाराला स्वतःच हरकत घेऊ द्या, असं अध्यक्ष म्हणाले. त्यावर ब्रेंडन यांचं उत्तर होतं, ‘मी कुंडीतलं झाड नाही. मी इथे वकील म्हणून बसलोय.’ हे वाक्य गाजलं, पण खरी कमाई वेगळी होती. नॉर्थ यांनी ही जबानी काँग्रेसने दिलेल्या संरक्षणाखाली दिली होती, म्हणजे ती त्यांच्याविरुद्ध खटल्यात वापरता येणार नव्हती. १९८९मध्ये ते बारांपैकी तीन आरोपांत दोषी ठरले, पण अपील न्यायालयाने १९९०मध्ये निकाल फिरवला. फिर्यादीच्या साक्षीदारांवर त्या संरक्षित जबानीचा परिणाम झालेला नाही, हे सरकारने ओळ न् ओळ तपासून सिद्ध केलं नव्हतं. १९९१मध्ये खटला संपला. खटला हरायचा, पण नोंद अशी ठेवायची की पुढे तो जिंकता यावा, ही पद्धत तेव्हापासूनची.

तिसरा टप्पा हाच खटला.

एक छोटी गंमत. न्यायाधीश एमेट सुलिव्हन, बचावाचे ब्रेंडन सुलिव्हन आणि सरकारी चमूतले एडवर्ड सुलिव्हन असे तीन सुलिव्हन एकाच कोर्टात होते, एकमेकांशी नातं नसलेले. म्हणून पुढे बचावाच्या वकिलाला ब्रेंडन म्हटलं आहे.

सरकारने काय द्यायचं, आणि कधी

आपल्याकडे आरोपपत्रासोबत साक्षीदारांच्या जबाबांच्या नकला आरोपीला मिळतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०७खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३०खाली. ही सवय असलेल्या वाचकाला फेडरल पद्धत चकवते. तिथे जेंक्स कायद्यानुसार साक्षीदाराचा आधीचा जबाब बचावाला द्यायचा तो त्याची सरतपासणी झाल्यावर. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे उलटतपासणीला उभं राहायच्या मिनिटाला. व्यवहारात सरकार थोडं आधी देतं, पण तो हक्क नाही.

याला अपवाद दोन. १९६३च्या ब्रेडी निकालाप्रमाणे आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकारने द्यायलाच हवा. १९७२च्या जिग्लिओ निकालाप्रमाणे साक्षीदाराशी झालेला सौदा आणि त्याच्या विश्वासार्हतेला धक्का देणाऱ्या इतर गोष्टीही द्यायच्या. खोच इथेच आहे. कोणता कागद आरोपीच्या बाजूचा, हे ठरवतो तो कागद हातात असलेला सरकारी वकील. बचाव पक्षाला जे दिसत नाही त्याची मागणी करावी लागते.

आणि एक फॉर्म लक्षात ठेवायचा: एफडी-३०२. एफबीआयचा अधिकारी मुलाखत घेतो, टिपणं काढतो आणि नंतर त्यावरून हा अहवाल टाइप करतो. २००८मध्ये मुलाखत ध्वनिमुद्रित करायची प्रथा नव्हती. ३०२ म्हणजे साक्षीदाराचे शब्द नव्हेत, अधिकाऱ्याने मांडलेला सारांश. साक्षीदार त्यावर सही करत नाही. ३०२ लिहिलाच नाही, तर त्या मुलाखतीचा माग उरतो तो हस्तलिखित टिपणांत, आणि ती मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

तारखेचा डाव

३१ जुलैला स्टीव्हन्स पहिल्यांदा कोर्टात उभे राहिले आणि त्याच दिवशी बचाव पक्षाने लवकर सुनावणी मागितली. सहसा बचावाला वेळ हवा असतो. फेडरल कायद्यात ७० दिवसांची मर्यादा आहे खरी, पण मोठ्या प्रकरणात बचाव पक्षच ती सोडून देतो, कारण हजारो पानं वाचायची असतात. इथे उलट झालं. स्टीव्हन्स यांची निवडणूक ४ नोव्हेंबरला होती आणि निर्दोष सुटून मतदारांपुढे जायचं, हा अशिलाचा आग्रह होता. न्यायाधीशांनी सप्टेंबरची तारीख दिली. खटला अलास्काला हलवावा, ही मागणी मात्र फेटाळली.

या घाईने दोन्ही बाजूंचं काही ना काही गेलं. सरकारी चमू विखुरलेला होता: लोकप्रतिनिधींच्या भ्रष्टाचाराची प्रकरणं पाहणाऱ्या, वॉशिंग्टनच्या पब्लिक इंटिग्रिटी विभागाचे वकील एकीकडे, अलास्काचे दोन सहायक फेडरल वकील दुसरीकडे. आरोप ठेवायच्या थोडे दिवस आधी ब्रेंडा मॉरिस यांना प्रमुख केलं गेलं आणि आधीपासून प्रकरण हाताळणाऱ्यांना ते रुचलं नाही. आरोपीच्या बाजूचा पुरावा शोधून काढायचं काम बव्हंशी एफबीआय आणि आयकर विभागाच्या अधिकाऱ्यांवर सोपवलं गेलं. काय शोधायचं, हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी काढलेलं वकिलांनी पुन्हा तपासलं नाही. कोर्टाने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात हे पुढे सविस्तर आलं.

बचावाचं नुकसान वेगळं. नवं काही सापडलं की मुदत मागणं हा नेहमीचा उपाय असतो. पण मुदत म्हणजे निवडणुकीनंतरची तारीख, म्हणून तो उपाय अशिलाच्या आग्रहाने आधीच बंद झालेला. आमच्या मते हा डाव चुकीचा नव्हता, पण महाग पडला. निवडणुकीची तारीख नसती, तर ऑक्टोबरमध्ये जे एकेक करून बाहेर आलं ते खटला सुरू व्हायच्या आधी बाहेर काढता आलं असतं.

घराचा हिशेब

अँकरेजपासून तासाभरावर गर्डवूड नावाचं स्कीइंगचं गाव आहे. तिथलं स्टीव्हन्स यांचं छोटं घर २०००मध्ये खांबांवर उचललं गेलं आणि त्याखाली नवा मजला बांधला गेला. मग सज्जा, जनरेटर, गॅसची शेगडी असं वाढत गेलं. सुतारकाम आणि बांधकाम करणाऱ्यांची बिलं स्टीव्हन्स दांपत्याने भरली, सुमारे १ लाख ६० हजार डॉलर. वाद होता तो व्हेकोच्या माणसांच्या कामाचा. त्याचं बिल कधीच आलं नाही.

सरकारने व्हेकोचा हिशेब पुढे केला: १ लाख ८८ हजार डॉलर. ही रक्कम कंपनीच्या नोंदवह्यांतली, म्हणजे कामगारांचे तास गुणिले दर. बचावाने प्रश्न विचारला तो रकमेला भेदणारा होता: हे तास खरोखर या घरावर घालवले का, आणि ते आधीच कुणाच्या बिलात धरले गेले नव्हते का? कामावर देखरेख करणाऱ्या व्हेकोच्या फोरमनचा समज असा होता की त्याच्या कामाचे पैसे बांधकाम ठेकेदाराच्या, म्हणजे स्टीव्हन्स यांनी भरलेल्याच, बिलात आले असावेत. हे सरकारला ठाऊक होतं.

दुसरा कागद ६ ऑक्टोबर २००२च्या चिठ्ठीचा. स्टीव्हन्स यांनी अॅलन यांना स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: घराच्या कामाबद्दल आभार; तुमच्याकडून मला बिल यायचं आहे; टॉरिसेली आठवा; मैत्री वेगळी आणि नीतिनियमांचं पालन वेगळं. न्यू जर्सीचे सिनेटर रॉबर्ट टॉरिसेली यांना भेटवस्तूंच्या प्रकरणात सिनेटच्या नीती समितीने त्याच उन्हाळ्यात कडक शब्दांत फटकारलं होतं, आणि चिठ्ठीच्या आठवडाभर आधी त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली होती. चिठ्ठीत असंही होतं की गावातल्या एका मित्राला याबद्दल तुमच्याशी बोलायला सांगितलं आहे. बिल मागणारा माणूस भेट दडवत होता, हे ज्युरीला पटवणं अवघड. चिठ्ठी बचावाच्या हातातलं सर्वांत मजबूत पान होतं, आणि समन्सला उत्तर म्हणून बचाव पक्षानेच ती सरकारला दिली होती.

म्हणून १५ एप्रिल २००८ रोजी सरकारी वकिलांनी अॅलन यांना या चिठ्ठीबद्दल विचारलं. ते मे २००७मध्ये अलास्काच्या विधिमंडळ सदस्यांना लाच दिल्याचा गुन्हा कबूल करून सरकारला मदत करत होते. उत्तर: त्या मित्राशी बिलाबद्दल बोलल्याचं आठवत नाही. त्याच बैठकीत त्यांनी असंही सांगितलं की व्हेकोचं काम नीट काटकसरीने झालं असतं, तर त्याची किंमत ८० हजार डॉलरच्या आसपास भरली असती. या बैठकीचा ३०२ कधी लिहिला गेला नाही. हजर असलेल्या दोन सरकारी वकिलांची हस्तलिखित टिपणं तेवढी उरली.

सप्टेंबरमध्ये, साक्षीच्या तयारीत, अॅलन यांची आठवण बदलली. आता ते सांगू लागले की त्या मित्राने त्यांना म्हटलं होतं, बिलाची काळजी करू नको, टेड फक्त स्वतःची बाजू सावरतोय. एका वाक्याने चिठ्ठीचा अर्थ उलटला. ती प्रामाणिकपणाची खूण राहिली नाही, तर पुढेमागे दाखवायला तयार केलेला कागद ठरली.

चार आठवडे

सुनावणीआधी ९ सप्टेंबरला सरकारने बचावाला एक पत्र पाठवलं. आरोपीच्या बाजूचं जे काही आहे त्याचा सारांश त्यात दिला होता. त्या पत्रानुसार अॅलन यांचं म्हणणं असं की बिल पाठवलं असतं तरी स्टीव्हन्स यांनी ते भरलं नसतं. मूळ ३०२मध्ये नेमकं उलट होतं: बिल मिळालं असतं तर त्यांनी ते भरलं असतं, असं अॅलन यांना वाटत होतं. पण बचावाला दिलेल्या प्रतीत ती ओळ काळी केली होती.

सारांशावर समाधान मानायचं नाही, हा फेडरल बचावाचा पहिला नियम इथून घ्यावा. सारांश खोटा असेल तर तो पकडायला मूळ कागद लागतो, आणि मूळ कागद मागितल्याची लेखी नोंद लागते. विल्यम्स अँड कॉनोलीच्या चमूने ऑगस्टपासून ही मागणी पत्रांनी आणि अर्जांनी चालू ठेवली होती.

२५ सप्टेंबरला प्राथमिक मांडणी झाली. लगेच पहिला दणका बसला. तो फोरमन सरकारच्या साक्षीदारांच्या यादीत होता आणि वॉशिंग्टनला आलेला होता. सरकारी वकिलांनी आजारपणाचं कारण देऊन, कोर्टाला आणि बचावाला न सांगता, त्याला अलास्काला परत पाठवलं. त्यानेच बचाव पक्षाला फोन केला. बचावाने सुनावणी रद्द करण्याची मागणी केली. ती नाकारली गेली, पण न्यायाधीशांची भुवई उंचावली ती कायमची.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला काळ्या केलेल्या ओळी बाहेर आल्या. बचावाने पुन्हा अर्ज केला. न्यायाधीशांनी खटला रद्द केला नाही, मात्र सगळे ३०२ आणि ग्रँड ज्युरीपुढच्या जबान्या काहीही न झाकता देण्याचा आदेश दिला. त्यानंतर कागदांचा ढीग आला, भर सुनावणीत. त्यातून दोन गोष्टी साधल्या. व्हेकोच्या हिशेबातले फोरमन आणि आणखी एका कामगाराचे तास पुराव्यातून वगळले गेले, कारण ते बरोबर नाहीत हे सरकारला माहीत होतं. आणि एका लँड रोव्हर गाडीच्या अदलाबदलीचा पुरावाही बाद झाला, कारण अॅलन यांनी लिहिलेला ४४ हजार डॉलरचा धनादेश बचावाला उशिरा दिला गेला होता. ज्युरीला तसं सांगण्यात आलं. ज्युरीने एकदा ऐकलेलं मनातून किती पुसलं जातं, हा वेगळाच विषय आहे.

दर वेळी साचा तोच होता: मागणी, उल्लंघन, खटला रद्द करण्याचा अर्ज, नकार, थोडासा उपाय. बाहेरून पाहणाऱ्याला हे हरणं दिसतं. पण प्रत्येक नकाराबरोबर उल्लंघनाची तारीख, कागद आणि सरकारने कोर्टात दिलेलं स्पष्टीकरण नोंदीवर चढत होतं. नंतर खोटी ठरली ती ही स्पष्टीकरणंच.

अॅलन यांची उलटतपासणी ब्रेंडन यांनी घेतली. मित्राचं ते वाक्य कोणत्याच ३०२मध्ये नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं: टेड स्वतःला सावरतोय, हे तुम्ही सरकारला पहिल्यांदा कधी सांगितलंत? अगदी अलीकडेच ना? अॅलन म्हणाले, नाही. उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारू नये, असं प्रत्येक नवख्या वकिलाला शिकवतात. इथे तो नियम मोडला आणि त्या दिवशी फायदा काहीच झाला नाही, उलट ज्युरीपुढे अॅलन ठाम दिसले. पण त्यांचं उत्तर खोटं होतं. एप्रिलच्या बैठकीला बसलेल्या वकिलांपैकी कोणी उठून ते दुरुस्त केलं नाही. साक्षीदाराचं खोटं माहीत असून सरकारने गप्प राहू नये, हे १९५९च्या नाप्यू निकालापासून ठरलेलं आहे. टिपणं बाहेर आली तेव्हा खटल्याचा सगळा भार याच दोन ओळींवर येऊन पडला.

बचावाच्या बाजूने माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल आणि सिनेटर डॅनियल इनुये यांनी स्टीव्हन्स यांच्या चारित्र्याची साक्ष दिली. मग खुद्द स्टीव्हन्स साक्षीला उभे राहिले. आरोपीने साक्ष द्यायची की नाही, हा निर्णय वकिलाचा नसतो, अशिलाचा असतो. सिनेटर गप्प बसला तर ज्युरी काय समजेल, हा प्रश्न खरा होता. पण मॉरिस यांच्या उलटतपासणीत ते चिडखोर दिसले. घरातल्या एका मसाज खुर्चीचा मुद्दा तर फारच लागला. सुमारे २,७०० डॉलरची ती खुर्ची मित्राची आहे, आपण वापरायला घेतलीय, असं ते म्हणत होते. सात वर्षं घरात असलेली खुर्ची भेट कशी नाही, या प्रश्नाला त्यांच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. लाखो डॉलरचा हिशेब ज्युरीच्या डोक्यावरून जातो, खुर्ची जात नाही. भेट जाहीर करण्याच्या खटल्यात घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी साक्षीआधी अशिलासोबत बसून करावी लागते, आणि ज्याचं उत्तर बसत नाही त्या वस्तूच्या वजनाने साक्षीचा निर्णय बदलावा लागतो.

विचारविनिमय चालू असताना एक ज्युरर वडील वारल्याचं सांगून निघून गेली. तिच्या जागी पर्यायी ज्युरर बसवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. पुढे कळलं की ती कॅलिफोर्नियात घोड्यांच्या शर्यतीला गेली होती. २७ ऑक्टोबरला निकाल आला, सातही आरोप सिद्ध. आठ दिवसांनी निवडणूक झाली आणि स्टीव्हन्स चार हजारांहून कमी मतांनी हरले.

निकालानंतर

इथे बरेच बचाव पक्ष शिक्षेच्या सुनावणीकडे वळतात: वय, सेवा, प्रकृती, दयेची पत्रं. या चमूने नव्या खटल्याचा अर्ज केला आणि शिक्षेची तारीख येऊच दिली नाही.

डिसेंबरमध्ये तपासातल्याच एका एफबीआय अधिकाऱ्याने लेखी तक्रार केली: पुरावा दडवला गेला, फोरमनला पाठवण्यामागे हेतू होता, साक्षीदाराशी सहकारी अधिकाऱ्याचे संबंध नको इतके जवळचे होते. न्यायाधीशांनी सरकारकडे या तक्रारीबाबतचे कागद मागितले. ते दिले नाहीत म्हणून फेब्रुवारी २००९मध्ये न्याय विभागाच्या वरिष्ठ वकिलांना कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. जुना चमू निकालानंतरच्या कामातून बाजूला झाला, नवे सरकारी वकील आले. त्यांनी फाइल पहिल्यापासून वाचली आणि त्यांना १५ एप्रिलची टिपणं सापडली.

ती त्यांनी बचावाला दिली, हे नोंदवायला हवं. १ एप्रिल २००९ला ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी खटला मागे घ्यायचा अर्ज केला. ७ एप्रिलला न्यायाधीशांनी निकाल रद्द करून आरोप काढून टाकले. सुमारे २५ वर्षांच्या न्यायदानात असा गैरव्यवहार आपण पाहिला नाही, असं ते भर कोर्टात म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी हेन्री शुल्की या खाजगी वकिलांना सरकारी चमूची चौकशी करायला नेमलं.

शुल्की यांचा सुमारे ५०० पानांचा अहवाल मार्च २०१२मध्ये खुला झाला. स्टीव्हन्स तो पाहायला नव्हते. ऑगस्ट २०१०मध्ये अलास्कात विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता. बचावाला मदत करणारा महत्त्वाचा पुरावा पद्धतशीरपणे दडवला गेला आणि त्यातलं काही मुद्दाम केलं गेलं, असा निष्कर्ष अहवालात होता. सरकारी वकिलांनी तो मान्य केला नाही. न्याय विभागाच्या स्वतःच्या चौकशीने अलास्काच्या दोन वकिलांना बेपर्वाईबद्दल निलंबनाची शिक्षा दिली, आणि ती पुढे प्रक्रियेच्या कारणावरून रद्द झाली.

पण अहवालातली सर्वांत उपयोगी ओळ वेगळीच आहे. या वकिलांवर फौजदारी अवमानाचा खटला भरता येणार नाही, असं शुल्की यांनी लिहिलं. कारण आरोपीच्या बाजूचा पुरावा द्या, असा स्पष्ट आणि निःसंदिग्ध आदेश न्यायाधीशांनी त्यांना दिलेलाच नव्हता. सरकारने आपलं कर्तव्य माहीत असल्याचं कोर्टात सांगितलं होतं आणि न्यायाधीशांनी त्यावर विश्वास ठेवला होता. कर्तव्य मोडलं होतं, पण मोडायला आदेश नव्हता.

आता पहिल्या दिवशी काय करतात

न्यायाधीश सुलिव्हन यांनी त्यानंतर आपल्याकडच्या प्रत्येक फौजदारी प्रकरणात असा आदेश काढायला सुरुवात केली. अलास्काचेच सिनेटर डॅन सुलिव्हन यांनी पुढे नेलेला ड्यू प्रोसेस प्रोटेक्शन्स कायदा २१ ऑक्टोबर २०२०ला झाला. (हे चौथे सुलिव्हन, नातं याही वेळी नाही.) त्याने फौजदारी प्रक्रिया नियम ५मध्ये उपकलम (एफ) घातलं: पहिल्याच सुनावणीत न्यायाधीशाने सरकारला ब्रेडीच्या कर्तव्याची आठवण देणारा तोंडी आणि लेखी आदेश द्यायचा, आणि तो मोडल्यास काय होऊ शकतं तेही सांगायचं. आपल्याकडे याच्या जवळचं पाऊल २०२१मधलं. फौजदारी खटल्यांबद्दलच्या मार्गदर्शक आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासात गोळा केलेल्या, पण सरकार ज्यावर विसंबत नाही अशा कागदांचीही यादी आरोपीला द्यावी.

नियम ५(एफ)मुळे बचावाचं पत्र लिहायचं काम संपलेलं नाही. नियमाने आदेशाचा नेमका मजकूर प्रत्येक न्यायालयावर सोडला आहे. बहुतेक आदेशांत मुदत मोघम असते आणि हस्तलिखित टिपणांचा उल्लेख असेलच असं नाही. म्हणून वकीलपत्र दाखल होताच जाणारं पत्र नाव घेऊन मागतं: साक्षीदाराच्या प्रत्येक मुलाखतीची तारीख आणि हजर असलेल्यांची नावं, ज्या मुलाखतीचा ३०२ झाला नाही त्यांची वेगळी यादी, अधिकाऱ्यांची आणि वकिलांची मूळ टिपणं, ३०२चे आधीचे मसुदे, साक्षीदाराच्या वकिलाने सरकारला तोंडी सांगितलेलं, साक्षीदाराची बदललेली हकिकत आणि ती बदलल्याची तारीख, त्याला मिळालेली किंवा मिळेल असं वाटणारी प्रत्येक सवलत. टिपणं नष्ट करू नयेत, ही मागणी पहिल्या परिच्छेदात असते. सारांश चालणार नाही, मूळ कागद हवा, हे दुसऱ्यात. उत्तर सहसा ‘आमचं कर्तव्य आम्हाला ठाऊक आहे’ अशा एका वाक्याचं येतं. ते आलं की त्यावर लगेच सक्तीच्या आदेशाचा अर्ज करायचा, आणि त्या अर्जाला आपलं पत्र आणि सरकारचं ते एका वाक्याचं उत्तर दोन्ही जोडायचं.